नियोजित जिल्ह्यातली मुलगी

माझी मुलगी जन्मली तेव्हा नऊशे चाळीस ग्रॅमची होती. हा आकडा घरात सगळ्यांत आधी सासऱ्यांना कळवला, कारण वजन हा त्यांचा विषय. माणिकप्पा आडते म्हटलं की उदगीरच्या मोंढ्यात कुणीही दुकान दाखवतं. चाळीस वर्षं तूर मोजत आलेला माणूस. फोनवर ते म्हणाले, "किलोला साठ कमी. बरं. येवढी घट आम्ही धरूनच चालतो."

ते मला धीर देत होते, हे कळायला मला दोन दिवस लागले.

पहिलं बाळंतपण म्हणून मी देगलूरला माहेरी होते. सातवा महिना चालू होता. महाशिवरात्र पाच दिवसांवर आलेली असताना कळा सुरू झाल्या आणि वडिलांनी शेजाऱ्याची जीप काढून मला नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्यात आणलं. मुलगी रडली नाही. मांजरीच्या पिल्लासारखा एक आवाज केला आणि काचेच्या पेटीत गेली. पेटीवर चिठ्ठी लागली, बेबी ऑफ महानंदा. तिची ओळख म्हणजे मी, आणि मला तर टाके पडल्यामुळे उठून तिच्यापर्यंत जाताही येत नव्हतं.

सासूबाई, म्हणजे गौरम्मा, मी त्यांना आत्या म्हणते, दुसऱ्याच दिवशी लिंग घेऊन आल्या. आमच्यात, लिंगायतांत, बाळ जन्मलं की त्याच्या गळ्यात लिंग बांधतात. सिस्टर म्हणाली, आत दोरासुद्धा चालत नाही. आत्यांनी थोडा विचार केला आणि ते माझ्याच गळ्यात, माझ्या लिंगाशेजारी बांधलं. म्हणाल्या, "हिला छातीशी देतील का न्हाई कधीतरी? तव्हा लागंल तिला. देव काय काचेपाशी आडतो व्हय?"

आता मामांबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मामा, म्हणजे सासरे, उदगीरचा वेगळा जिल्हा व्हावा म्हणून झटणाऱ्या समितीचे अध्यक्ष. समितीत प्रत्येकानं काही ना काही सोडलेलं. वीरण्णा सराफांनी दाढी करायची सोडली. ती आता बेंबीपर्यंत आली आहे, आणि जिल्हा झालाच तर ती कापण्याचा मान कुणाचा यावरून समितीत दोन गट आहेत. मामांनी 'लातूर', म्हणजे उदगीर सध्या ज्यात आहे त्या जिल्ह्याचं नाव, हा शब्द सोडला. लिहायचा नाही, तोंडातून काढायचाही नाही. दुकानाच्या पाटीवर जि. उदगीर. माझ्या लग्नपत्रिकेवर नियोजित जि. उदगीर. माझे वडील देगलुरात पत्रिका वाटायला निघाले तर लोक विचारत, "गुरुजी, नियोजित काय हाय, लग्न का जिल्हा?"

आणि त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा नवरा मन्मथ, लातूरच्या सरकारी कचेरीत टँकरच्या टेबलावर कारकून. दिवसातून शंभर वेळा तो शब्द लिहितो. मामा लोकांना सांगतात, "पोरगं तिकडं नोकरीला हाय." तिकडं म्हणजे कुठं, हे उदगिरात कुणी विचारत नाही. त्या उन्हाळ्यात तिकडं पाणी आगगाडीनं येऊ लागलं, साऱ्या देशानं ते पाहिलं, आणि मामांना ती बातमीसुद्धा शब्द गाळून सांगावी लागली. "गाडी आली म्हणं पाण्याची. तिकडं."

मन्मथला सुटी नव्हती. तो रविवारी यायचा, काचेपुढं उभा राहायचा, तिचा पाय माझ्या अंगठ्याएवढा आहे असं दर वेळी नव्यानं सांगायचा, आणि टँकरच्या खेपा लिहायला परत जायचा. म्हणून तिसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडम बोलायला आल्या तेव्हा माझ्याजवळ मामा आणि आत्याच होते.

मॅडमनी खाटेच्या कडेला बसून सांगितलं. दिवस पुरे न झालेल्या बाळाची फुप्फुसं कच्ची. ऑक्सिजन दिला नाही तर बाळ जगत नाही, आणि तोच ऑक्सिजन, तीच यंत्रं, त्या कच्च्या फुप्फुसांना इजाही करतात. काही बाळं सावरतात, काहींचा आजार महिनोन्महिने रेंगाळतो. कुणाचं काय होणार ते कळायला एक-दोन महिने जातात. पण रक्तात हजारो प्रथिनं असतात, त्यांतली काही त्याच्या कितीतरी आधी वाढतात, काही उतरतात, असं दिसतंय. ते नीट तपासायला एक पाहणी चालू आहे. तीन वेळा, थेंब थेंब रक्त.

"म्हणजे माझ्या मुलीचं आधी कळेल?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "तिला त्याचा उपयोग होईल असं मी सांगणार नाही. तिच्या मागून येणाऱ्यांना होईल."

त्या खोटं बोलल्या नाहीत म्हणून मी हो म्हटलं. मग त्यांनी सांगितलं की या पाहणीतल्या बाळांना घरी जाताना ऑक्सिजन लागला, तर मशीन पाहणीतर्फे मिळतं, लागेल तितके महिने.

आत्या म्हणाल्या, "चमचाभर रक्त हाय लेकराच्या अंगात. त्यातलं बी तुम्हालाच?"

मामा मात्र प्रथिनं या शब्दापाशी थांबले होते. "प्रथिनं म्हंजी डाळच की. आपल्या घरात डाळीची कमी हाय का?" दुसऱ्या दिवशी वॉर्डात पाच किलो तूरडाळ आली. मॅडमनी ती धर्मशाळेतल्या नातेवाइकांना देऊन टाकली आणि मामांना उगीच समजावत बसल्या नाहीत. त्या दिवसापासून मला त्या जास्तच आवडू लागल्या.

फॉर्मवर सही मी केली. बाकीचे रकाने मामांनी भरले, त्यांचं अक्षर मोंढ्यात नावाजलेलं. मी कागद पाहिला नाही. मी काचेकडं पाहत होते.

पुढचे आठ आठवडे मी एकच आकडा वाचायला शिकले. तिच्या पायाला लाल दिव्याची पट्टी होती आणि पेटीवरच्या पडद्यावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा. ब्याण्णव, त्र्याण्णव म्हणजे मी जेवायचे. सत्त्याऐंशी म्हणजे डबा तसाच. वजन चढत गेलं, मग घशातली नळी निघाली, मग नाकाशी ऑक्सिजनची छोटी पुंगळी आली. बाराव्या दिवशी सिस्टरनी तिला पहिल्यांदा माझ्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधलं. दोन लिंगं आणि एक बाळ, माझ्या छातीवर सगळी दाटी. मी डोळे मिटून घेतले. ती उकडलेल्या भुईमुगाएवढी गरम होती.

रक्त न्यायला मकबूलभाई यायचे. नांदेडचेच, पाहणीच्या कामावर नेमलेले, बर्फाची पेटी खांद्याला. त्या पेटीतले नमुने तळमजल्यावरच्या उणे ऐंशी अंशांच्या फ्रिजमध्ये जात. नांदेड तापलेलं होतं, वॉर्डातला पंखा एकेक पातं मोजत फिरायचा, हात धुवायला बादलीवर खूण करून पाणी मिळायचं. त्या उन्हाळ्यात साऱ्या मराठवाड्यात निवांत काही असेल तर ते माझ्या मुलीचं रक्त.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या, आता हिला घरी नेता येईल. वजन दोन किलोकडं आलं होतं. फुप्फुसांचा आजार मात्र उरला होता. मिनिटाला पाव लिटर ऑक्सिजन अजून काही महिने लागणार. मशीनची यादी शनिवारी वर जाणार होती.

बुधवारी मकबूलभाई आले ते बर्फाच्या पेटीशिवाय. हातात फाइल.

"ताई, एक घोळ हाय. तुमच्या मुलीला कम्प्युटर घेऊन नाही राहिला."

"म्हणजे?"

"जिल्ह्याच्या रकान्यात छत्तीस नावं हायेत. त्यातलं एक निवडायचं. तुमच्या कागदावर लिहिलंय उदगीर. मी दोन महिने वर लिहून राहिलो, तिकडून एकच जवाब. कृपया योग्य जिल्हा निवडावा. माहिती अधुरी, म्हणून नाव अधुऱ्यात. अधुऱ्या बाळाला मशीन नाही."

मी फाइल घेतली. मामांचं वळणदार अक्षर. जिल्हा, उदगीर. खाली एक नाजूक रेघसुद्धा मारलेली, जोर यावा म्हणून.

"मग तुम्ही लातूर टाका."

"कागदावर एक, कम्प्युटरमध्ये दुसरं, चालत नाही."

"मी कागदावर करते."

"ज्याचं अक्षर, त्याचीच दुरुस्ती. सही, तारीख."

"नवा फॉर्म भरू."

मकबूलभाईंनी कान खाजवला. "नवा फॉर्म म्हंजी आजची तारीख. आणि बाळ तीन दिवसांच्या आतलं असलं तरच घेता येतंय. तुमचं छप्पन दिवसांचं."

मला हसू आलं आणि मग एकदम रडू आलं. माझी मुलगी होती, तिचं रक्त होतं, तीन बाटल्यांत भरून क्रमांक घालून ठेवलेलं होतं, आणि ती राहत होती ते गाव मात्र कुठल्याच जिल्ह्यात नव्हतं.

मी मन्मथला फोन केला. तो म्हणाला, मी कचेरीतून पत्रच आणतो की उदगीर तालुका लातूर जिल्ह्यात आहे, सही-शिक्क्याचं. असे अर्जही टँकरच्याच टेबलाला येत, म्हणजे त्याच्याच. त्यानं स्वतःच अर्ज लिहिला, स्वतःच आवक केला, स्वतःला पोच दिली आणि वर पाठवला. संध्याकाळी अर्ज खाली आला. शेरा होता, 'अर्जदार व टेबल एकच दिसतात. खुलासा व्हावा.' गुरुवारी त्यानं खुलासा लिहिला. तो घ्यायला टेबलावर कुणी नव्हतं, कारण टेबल खुलासा लिहीत होतं.

तेव्हा आत्यांनी पदर खोचला आणि त्या उदगीरला गेल्या.

मामा तहसीलसमोरच्या मांडवात साखळी उपोषणाला बसले होते. एक मे रविवारी होता आणि त्या दिवशी जिल्ह्याची घोषणा होणार अशी हवा होती. ही हवा दर एप्रिलला असते. पुढचं सगळं आत्यांनी मला सांगितलं, आणि त्या सांगतात तेव्हा दोघांचे आवाज काढून सांगतात.

"तीन दिवस काढा," मामा म्हणाले. "रईवारी जाहीर झालं की कम्प्युटर आपोआप बदलंल."

"यादी सनवारी हाय."

"मंग नांदेड लिहितो. सुनंचं माहेर नांदेड जिल्ह्यात, पोरगी जन्मली नांदेडात. त्यात काय खोटं?"

"पत्त्याचा कागद उदगीरचा लावलाय."

"मंग बिदर लिहितो. मी जन्मलो तव्हा उदगीर बिदर जिल्ह्यात व्हतं. हैदराबादचं राज्य व्हतं."

"बिदर कर्नाटकात गेलं. नातीला बी धाडता का?"

वीरण्णांनी दाढीवरून हात फिरवत मध्ये तोंड घातलं. "वहिनी, अध्यक्षानंच लिहिलं तर बाकीच्यांनी काय करावं? उद्या मला कुणी दाढी कर म्हणंल."

"करा की," आत्या म्हणाल्या. "घरचे वळखत न्हाईत तुम्हाला." मग मामांकडं वळून, साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात, "ब्याऐंशी साली तो जिल्हा झाला तव्हा मोंढ्यात पेढे कुणी वाटले? उस्मानाबादपासून सुटलो म्हणून नाचलं कोण? मी नवी नवरी व्हते, दारातून बघत व्हते. तव्हा लातूर लातूर म्हणून घसा बसला व्हता तुमचा. हळदीचं दूध मी दिलं."

मांडवातल्या माना मामांकडं वळल्या. समितीतल्या तरुण पोरांना हा इतिहास ठाऊक नव्हता.

मामा शुक्रवारी सकाळी नांदेडला आले. फॉर्म भरायला नव्हे, असं त्यांनी आल्या आल्याच सांगितलं. "मॅडमशी बोलतो. समजदार बाई हाय. दोन दिवसांची तर गोष्ट."

आतापर्यंत त्यांनी नातीला जाळीच्या दारातून लांबूनच पाहिलं होतं. आत फक्त आई-बापाला सोडत. पण घरी मशीन कसं चालवायचं हे घरातल्या आणखी एका माणसाला शिकवायचा नियम होता, आणि मन्मथ खुलासा लिहीत होता. सिस्टरनी मामांना हात धुवायला लावले, अर्ध्या तांब्यात, कोपरापर्यंत. टोपी काढून ठेवायला लावली. बिनटोपीचे मामा मी पहिल्यांदा पाहिले. लहान दिसत होते.

मुलगी माझ्या मांडीवर होती. त्यांनी वाकून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो धंद्याचाच. "किती भरली?"

"एक किलो आठशे नव्वद."

"दामदुप्पट," मामा पुटपुटले, आणि बोट पुढं केलं. तिनं ते धरलं. त्या बोटानं किती पोती फोडून तूर पाहिली असेल. ती ते सोडेना.

सिस्टर शिकवत होती. "हे बघा आजोबा, मशीनच्या या बाटलीत रोज स्वच्छ पाणी घालायचं. उकळून गार केलेलं. इथपर्यंत."

"आमच्याकडं नळ आठ दिवसांनी येतो."

"मग घरात कुणी पिवो न पिवो, हिच्या बाटलीत पाणी पाहिजे. आणि हा आकडा बघत जायचा. नव्वदच्या खाली गेला की काय करायचं ते दाखवते. थांबा, नाहीतरी मला हिची पुंगळी बदलायचीच आहे."

तिनं नाकाची पुंगळी काढली. मामांची नजर पडद्यावर गेली. काट्याकडं बघायची सवय जन्माची. त्र्याण्णव. एक्क्याण्णव. मुलगी अजून त्यांचं बोट धरून होती, झोपेत ओठ हलवत होती. अठ्ठ्याऐंशी.

"खाली चाललंय," मामा म्हणाले.

"हो, बदलतेय."

पंच्याऐंशी.

"बाई, खाली चाललंय." आवाज एवढा हळू होता की मला ते त्यांचेच शब्द आहेत असं वाटलं नाही.

सिस्टरनी नवी पुंगळी बसवली. आकडा जरा वेळ तिथंच रेंगाळला, मग चढू लागला. सत्त्याऐंशी, नव्वद. ब्याण्णव होईपर्यंत मामा सरळ उभे राहिले नाहीत. ही सारी गोष्ट अर्ध्या मिनिटाची. त्यांच्या कानशिलावरून घाम उतरत होता, आणि पुसायला टोपी नव्हती.

बाहेर मकबूलभाई बाकावर फाइल घेऊन बसले होते. मामा त्यांच्या शेजारी बसले. टोपी घातली, पेन काढलं आणि कागद मांडीवर घेऊन उदगीर या शब्दावर गिरवून गिरवून काळं करायला निघाले, जसं मनातलंच खोडून टाकायचं होतं.

मकबूलभाईंनी त्यांचा हात धरला. "असं नाही मालक. पूर्ण खोडायचं नाही. मधून एकच रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे."

"कामून?"

"कायदा हाय आमचा. आधी काय लिहिलं व्हतं ते दिसलं पाहिजे. लपवायचं नाही. शेजारी नवं लिहायचं, सही, तारीख."

मामांनी कागदावरून पेन उचललं. "म्हंजी उदगीर ऱ्हातं?"

"ऱ्हातं की. दहा वर्षं जपून ठेवतात कागद."

मामांनी पट्टीनं ओढावी तशी सरळ, बारीक रेघ मारली. डोळ्यांपासून लांब धरून बघितली. "वाचता येतंय ना?"

"साफ."

मग शेजारी लिहिलं. तीन अक्षरं लिहायला त्यांना जितका वेळ लागला तितक्यात ते एरवी दिवसभराच्या हिशेबाची पट्टी करतात. त्यांच्या 'ल'ला सवय राहिली नव्हती, तो जरा वाकडा पडला.

"हितं दुरुस्तीचं कारण लिवा," मकबूलभाई म्हणाले. "चुकून लिहिलं, असं टाका."

"चुकून न्हवतं लिहिलं."

"मग जे असेल ते."

मामांनी पेनाचं टोपण दातात धरलं आणि लिहिलं, 'जिल्हा होणे बाकी.' मकबूलभाईंनी वाचलं, मान हलवली आणि फाइल मिटली. त्या रकान्यात काय लिहावं याची यादी कम्प्युटरकडं नव्हती. संध्याकाळपर्यंत माझी मुलगी पूर्ण झाली.

शनिवारच्या यादीत तिचं नाव गेलं आणि दवाखान्यातलं मशीन संध्याकाळीच आमच्या नावावर निघालं. रविवारी एक मे झाला. घोषणा झाली नाही. आम्ही त्या दिवशी जीपनं उदगीरला येत होतो, मी, मन्मथ, मांडीवर मुलगी, तिच्या पायाशी सिलिंडर, आणि मागच्या बाकावर खोक्यातलं मशीन, दोन्ही हातांनी धरून बसलेले मामा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत पत्ता होता आणि त्यात तो शब्द होता. मामांनी त्याच्यावर उपरणं टाकलं. मग खड्डे आले, उपरणं घसरलं, आणि त्यांनी ते परत टाकलं नाही.

मशीन दिवाणखान्यात लागलं, कारण इन्व्हर्टरची जोडणी तिथंच होती. समितीची बैठकही तिथंच भरते. पहिल्या बैठकीला वीरण्णांनी सवयीनं घोषणा दिली आणि मामा म्हणाले, "हळू. पोरगी झोपली." तेव्हापासून उदगीर जिल्ह्याच्या घोषणा आमच्या घरी कुजबुजत होतात. बारा-पंधरा मोठी माणसं मुठी वळून ओठांतल्या ओठांत 'झालाच पाहिजे' म्हणतात, आणि मध्ये मशीन घरघरतं. पाण्याची बाटली मामा स्वतः भरायचे. उकळून, गार करून, खुणेपर्यंत; डोळा बाटलीच्या रेषेला लावून, थेंब जास्त नाही. त्यांच्या अंघोळीचा दिवस मात्र चुकायचा.

बारसं तेव्हाच केलं. नाव दानम्मा ठेवलं, आत्यांच्या आईचं. लिंग माझ्या गळ्यातून निघून तिच्या गळ्यात गेलं, आणि मला काही दिवस मान हलकी हलकी वाटत राहिली.

पोळ्याच्या आठवड्यात तिला नांदेडला नेलं, मॅडमनी तपासलं आणि पुंगळी काढून ठेवली. आम्ही सगळे आकड्याकडं बघत बसलो. पंच्याण्णव. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. पंच्याण्णव. हवेचं काम हवेनंच केलं. उदगीरला पोचताच मामा मोंढ्यात निघून गेले.

मशीन परत न्यायला मकबूलभाई उदगीरला आले. पुढच्या बाळाला द्यायचं होतं, भोकरकडचं होतं ते. चहा झाला. त्यांनी परतीचा फॉर्म काढला आणि मामांपुढं ठेवला. नाव, गाव, तालुका. मामांनी झरझर भरलं. पुढच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

दानम्मा त्यांच्या मांडीवर होती, त्यांचं उपरणं तोंडात घालून, स्वतःच्या दमानं श्वास घेत.

मामांनी कागद उचलून माझ्याकडं सरकवला.

"तू लिही माय," ते म्हणाले. "मीच लिहायची आता काय घाई हाय?"